बिनआवाजाचा फोटो

उमरग्यात हायवेच्या कडेला, दवाखान्यांच्या रांगेत विरेशचा फोटो स्टुडिओ आहे. समोरून दिवसभर हैदराबादकडं जाणारे ट्रक धडधडतात, त्यामुळं काचेवर धूळ आणि आतल्या निळ्या पडद्याला थरथर, दोन्ही कायमचं. धंदा लग्नांचा, बारशांचा, पासपोर्ट फोटोंचा. आणि मयतांचा.

हे शेवटचं बाहेरच्याला जरा उलगडून सांगावं लागतं. इकडच्या लिंगायत घरांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, कपाळभर भस्म लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. मान ढळू नये म्हणून मागून पंच्याची गाठ मारतात. मग घरचे दोन्ही बाजूंनी बसतात आणि फोटोवाल्याला बोलावणं जातं. कित्येकांचा उभ्या आयुष्यातला नीटनेटका असा एकच फोटो असतो, तो हा.

विरेश हे काम सिद्धारामअण्णांच्या हाताखाली शिकला. अण्णांची नजर मंदावली तेव्हा त्यांनी स्वतःचा कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला. विटेसारखा जड, पोटात आरसा असलेला. बटण दाबलं की आरसा वर आपटायचा आणि असा खटाक् व्हायचा, की शेजारच्या मेडिकलवाल्यालाही कळावं, आणखी एक गिऱ्हाईक सुटलं. पुढं अण्णा रोज सकाळी येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसायचे आणि आल्यागेल्याच्या तोंडवळ्यावर शेरे मारायचे.

कॅमेरा म्हातारा झाला होता. आरसा मधूनच वर अडकायचा आणि मग डोळ्यापुढं नुसता काळोख. एका लग्नात नेमक्या अक्षता पडताना अडकला, तेव्हा विरेशनं मनाशी ठरवलं. दिवाळी सरताच हैदराबादहून नवा घेऊन आला, बिनआरशाचा. हलका, हातात घेतला की वाटावं आत काही भरलेलंच नाही. डोळा लावला की आतल्या इवल्याशा पडद्यावर माणसाच्या तोंडाभोवती पिवळी चौकट यायची. माणूस सरकला की चौकट सरकायची, जवळ आला की मोठी व्हायची. फोटोत ती उमटत नसे, बघणाऱ्यालाच दिसे. वर आणखी आवाज साफ बंद ठेवायची सोय. विरेशला तीच जास्त आवडली. रडत्या घरात खटाखट करताना त्याला नेहमीच ओशाळल्यासारखं व्हायचं.

अण्णांनी नवा कॅमेरा उलटापालटा करून बघितला. विरेशवर रोखून बटण दाबलं.

"निघाला?"

"निघाला की, अण्णा."

"मला तर काय कळलं न्हाय. तुला कळलं?" अण्णांनी कॅमेरा परत दिला. "मानूस फोटोला बसलं की दम धरतंय, बाबा. खटाक् झालं की सोडतंय. हे तुझं मुकं. सुटलो म्हणून कळायचं कसं त्याला?"

"मी सांगतो की, झालं म्हणून."

"जित्याला सांगशील."

विरेश हसला. अण्णाही हसले. मग चहा सांगावा तितक्या सहज म्हणाले, "माझ्या येळेला तेवढा जुना आन. मला ताटकळत बसवू नको."

विरेशनं शब्द दिला. अशा वेळी दिला जातो तसा, मान हलवून.

पुढच्या दोन महिन्यांत त्यानं नव्या कॅमेऱ्यावर चार मयतांचे फोटो काढले. एक पेन्शनर मास्तर, एकाच आठवड्यात गेलेल्या दोघी जावा, आणि एका ट्रक ड्रायव्हरची सात वर्षांची पोर. तिला आईनं मांडीवर घेतलं होतं. पोरीच्या तोंडाला चौकट बरोब्बर लागली, म्हणून त्याला बरं वाटलं आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

माघात अण्णा गेले.

विरेश दोन्ही कॅमेरे घेऊन गेला. पिशवीतून आधी जुनाच काढला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण अंगण माणसांनी भरलं होतं. मठातले स्वामी आले होते, उचलायची वेळ जवळ आलेली. हैदराबादहून आलेला अण्णांचा मुलगा बसवराज दर मिनिटाला घड्याळ बघत होता. एवढ्या लोकांत आरसा अडकला तर? गुरूच्याच मयतात? विरेशनं जुना पिशवीत ठेवला आणि चेन ओढली.

गाठ मारूनही अण्णांची मान जराशी डावीकडं कलली होती. शेजारी त्यांची बायको शरणम्मा ताठ बसली होती, पापणीही न हलवता. विरेशनं तीनदा बटण दाबलं. कसलाच आवाज झाला नाही. "झालं," तो म्हणाला, तशी जिवंत माणसं उठली.

आठवड्यानं मंगल कार्यालयात एक लग्न होतं. स्टेजवर नवरानवरी, मागं सजवलेल्या दोन रिकाम्या खुर्च्या. विरेशनं डोळा लावला. चौकट नवरीवर आली, क्षणभर थांबली आणि तिला सोडून मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. त्यानं बटणं फिरवली. चौकट पुन्हा तिथंच. नवरी धुरकट आली, खुर्चीच्या पाठीवरचा झेंडू मात्र पाकळी न् पाकळी मोजावा असा.

त्यानं कंपनीच्या माणसाला फोन केला, त्यानं सांगितलं ते सगळं केलं. आवाज चालू करून बघितला. शटरचा पडदा सरकल्याचा बारीक चिर्र यायचा, त्यात आरशाचा दणका नव्हता. चौकट ढिम्म. बारशात ती पाळण्यामागच्या भिंतीवर गेली. स्टुडिओत पासपोर्टच्या गिऱ्हाइकाला सोडून शेजारच्या मोकळ्या जागेवर. सगळीकडं एकाच उंचीवर, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. लोकांनी फोटो परत आणून टाकायला सुरुवात केली. पण विरेशची झोप उडाली ती त्यामुळं नाही. एकदा त्यानं नीट बघितलं. चौकट मधोमध नव्हती. जराशी डावीकडं होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दोन्ही कॅमेरे घेऊन अण्णांच्या घरी गेला.

शरणम्मा उंबऱ्यापाशी ज्वारी पाखडत होती. त्यानं काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "इरेश, त्यांचा फोटो काढलास का न्हाय रे तू?"

"काढला की, अव्वा. मी न् बसवराजनं मिळून लावलाय ना दारावरच्या भिंतीवर."

"मग आवाज का न्हाय आला?" सूप तिनं खाली ठेवलं. "म्या कान लावून बसले हुते. आवाज आला की मगच हलायचं, अशी सवय लावली हुती त्येनी मला. सगळे उठले. म्या उठले ते लोकं उठले म्हणून." तिनं आतल्या भिंतीकडं बघितलं. "त्येनी न्हाय उठले."

त्यांना जिथं बसवलं होतं, ती भिंत मोकळीच ठेवलेली होती. विरेशनं नवा कॅमेरा डोळ्याला लावला.

पिवळी चौकट भिंतीवर होती. जराशी डावीकडं.

त्यानं तो खाली ठेवला आणि जुना उचलला. उमरग्यात आता आरशाचा कॅमेरा दुसऱ्या कुणाकडं राहिला नव्हता. काचेतून फक्त भिंत दिसत होती, टेकून टेकून तेलकट झालेली.

"अण्णा," तो म्हणाला, "इकडं बघा."

शरणम्मा उठली आणि भिंतीपाशी आपल्या जागी जाऊन बसली. ताठ.

त्यानं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. तळहात पँटला पुसला. तिसऱ्यांदा दाबलं.

खटाक्.

डोळ्यापुढं काळोख झाला तो झालाच. आरसा वर जाऊन अडकला. आत काहीतरी खळ्ळकन निसटलं, आणि कॅमेरा हलवला की त्याचा तुकडा खुळखुळ वाजू लागला. पण भिंतीपाशी कुणीतरी लांब श्वास सोडला. शरणम्मानंच सोडला असेल.

नव्या कॅमेऱ्यात भिंत मोकळी होती. चौकट शरणम्माच्या तोंडाभोवती आली आणि तिथंच राहिली. म्हातारी रडत होती. विरेशला किती तरी दिवसांनी कडकडून भूक लागली.

स्टुडिओत आला तेव्हा तीन वाजले होते. गिऱ्हाईक नव्हतं. अण्णांचं स्टूल त्यानं पुसलं. एकदा खात्री करावी म्हणून नवा कॅमेरा घेतला, निळ्या पडद्याकडं रोखला आणि डोळा लावला.

ग्रुप फोटोत पुढचा माणूस उठला की मागचे दिसायला लागतात.

एक चौकट होती. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी. तिन्ही बसल्या माणसाच्या उंचीला, ओळीत, हलत नव्हत्या. चौथी त्यांच्याहून जरा वर होती. कुणाच्या तरी मांडीवर असावी तशी. खाली मांडी नव्हती.

टेबलावर जुना कॅमेरा पडला होता. बाहेरून ट्रक गेला, तसा त्यातला तुकडा खुळखुळला.

विरेशनं ओठ ओले केले. दुसरं काही सुचेना म्हणून जीभ टाळ्याला लावून तोंडानंच आवाज काढला. खटाक्.

तीन चौकटी हलल्या नाहीत.

वरची, लहान, तेवढी खाली उतरली आणि हळूहळू मोठी होऊ लागली.