अर्धं माप

मी सांगतेय ते घडलेलं आहे. माझ्या घरात, माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढे चला. मला कुणाचं सर्टिफिकेट नकोय.

आणि हो, अमावस्या, अंधार, रडणारी कुत्री असलं यात काही नाही. हे सगळं भर दुपारी झालं. मागच्या थंडीत, जेवणं उरकल्यावर, जेव्हा आमचा कारखाना बंद असतो आणि पत्र्याच्या भोकांतून ऊन जमिनीवर पडलेलं असतं.

आम्ही घोड्यांच्या गाड्या बनवतो. कारखाना म्हणजे काय, एक लांबलचक पत्र्याची शेड आणि तिला चिकटून मागे आमचं घर. लाकडाचं काम दादा बघतो. लोखंडाचं पैलवान. हे त्याचं टोपणनाव. अंगाने तो इतका सुकडा आहे की घण तो उचलतो की घण त्याला, असा प्रश्न पडावा. मी गाड्या रंगवते. आणि वहिनी आम्हा तिघांवर ओरडते.

हे सगळं उभं केलं आबांनी, आमच्या वडिलांनी. ते जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आबांचं एक लाडकं हत्यार होतं. आम्ही त्याला आसपट्टी म्हणायचो.

आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा. त्याची दोन्ही टोकं, जिथे चाक शिरतं तिथे, जराशी खाली वाकवलेली असतात. हा वाक दोन्हीकडे अगदी सारखा लागतो. थोडा जरी फरक पडला तर गाडी एका बाजूला ओढते. म्हणून ही पट्टी. लांब लोखंडी दांडी, एका टोकाला पक्का पाय, दुसऱ्या टोकाला स्क्रूवर खालीवर होणारा पाय. आसाच्या एका बाजूला लावायची, पाय टेकेपर्यंत स्क्रू फिरवायचा, आणि मग स्क्रूला बोटही न लावता तशीच दुसऱ्या बाजूला न्यायची. तिथेही पाय टेकला की काम झालं.

आबांचे नियम कडक होते. अर्धं माप ठेवायचं नाही. एका बाजूचं घेतलं की दुसरीचं घ्यायचंच, मग घराला आग का लागेना. आणि दोन बाजू जुळल्या नाहीत तर जी आता हलवता येणार नाही ती धरायची. लोखंड परत परत तापवून वाकवलं तर तडकतं. म्हणून थकलेल्या बाजूला हात लावायचा नाही, चांगली बाजू वाकवून तिच्यासारखी करायची.

पट्टीचा पाय टेकला नाही की आबा जिभेने एकच आवाज करायचे. च्च. शिव्या घाला पण ते च्च नको, असं पैलवान म्हणायचा.

आबा गेल्यावर थोड्याच दिवसांनी जॅक निसटला आणि अख्खी गाडी दादाच्या उजव्या पायावर आली. प्लॅस्टर निघालं तेव्हा गुडघ्याखालचं हाड बाहेर वाकूनच जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण लंगडत. आता या हाडाला परत हात लावायला नको.

दादा तसा हसतमुख माणूस. काठी घेऊन कारखान्यात आला, बाकावर आडवा झाला आणि पँट वर ओढून म्हणाला, "पैलवान, आण ती आसपट्टी. बघू तरी किती वाकडा झालोय मी."

पैलवानाने गंभीर तोंड करून पट्टी आणली. दादाच्या वाकड्या पायाला लावली. किर्र किर्र करत स्क्रू फिरवला. टक्. पाय टेकला.

"गाडी एका बाजूला ओढणार, मालक," पैलवान म्हणाला. "भंगारात काढावी लागेल."

आम्ही पोट धरून हसलो. खूप दिवसांनी हसत होतो. तेवढ्यात वहिनीने चहाला हाक मारली. पैलवानाने पट्टी खिळ्याला अडकवली आणि आम्ही सगळे घरात गेलो.

दुसऱ्या पायाचं माप कुणी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा मागच्या खोलीत झोपला होता. पैलवान जेवायला घरी गेलेला. वहिनी आणि मी भांडी आवरत होतो. आणि शेडमधून आवाज आला...

किर्र... किर्र...

"उंदीर," वहिनी म्हणाली.

तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आलेय. उंदराला स्क्रू फिरवता येत नाही.

मी हात पुसत शेडमध्ये गेले. कुणी नव्हतं. अर्धवट रंगवलेली चाकं भिंतीला टेकून उभी होती. आणि खिळा...

खिळा रिकामा होता.

मागच्या खोलीतून आवाज आला. अगदी हलका.

टक् नाही. नुसतं... च्च.

धावत गेले तर दादा गाढ झोपलेला. त्याच्या डाव्या पायावर, म्हणजे चांगल्या पायावर, तेलकट काळे दोन गोल डाग होते. एक मांडीवर, एक नडगीवर. मध्ये पट्टीच्या लांबीइतकं अंतर. मी परत शेडमध्ये आले तेव्हा पट्टी खिळ्यावर लटकत होती आणि हलकीशी हलत होती.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? वहिनीने मलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

पण मग ते रोजचंच झालं. जेवणं झाली, दादाचा डोळा लागला की किर्र. मग शांतता. मग च्च. मी खोलीत बसून राहिले तर काहीच दिसायचं नाही, फक्त दादाच्या पायावरची चादर दोन ठिकाणी दबायची. मी हात घालून बघितला एकदा. हाताला काहीच लागलं नाही. गारठा तेवढा होता.

आणि एका सकाळी दादा म्हणाला, "अगं, हा डावा पाय का दुखतोय माझा?"

"उजव्याचा भार त्याच्यावर येतो ना," वहिनी म्हणाली. "दुखणारच."

मी खाली बघितलं.

डावी नडगी बाहेर वाकली होती. थोडीच. अनोळखी माणसाला कळलीही नसती. पण आमच्या घरात सगळ्यांची नजर एकच काम करत आलीय. दादानेही बघितलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी दुपारचं सगळं सांगून टाकलं आणि त्याचा चेहरा पडला.

"पैलवानाला बोलाव," तो म्हणाला.

पैलवानाने येऊन सगळं ऐकलं. "अर्धं राहिलं," तो पुटपुटत होता. "माझ्या हातून अर्धं राहिलं."

"मग आता पूर्ण कर!" मी ओरडले. "घे त्या पायाचं माप आणि मिटव!"

त्याने पट्टी दादाच्या डाव्या पायाला लावली. स्क्रूचा पाय हवेतच राहिला. नडगी अजून तेवढी वाकलेली नव्हती. पाय टेकल्याशिवाय माप पूर्ण होत नाही. ते आम्हा तिघांनाही आबांनीच शिकवलं होतं.

मग पैलवानाने स्क्रू सगळा मागे फिरवला, शून्यावर आणला आणि पट्टी टांगली. दुपारनंतर बघितलं तर पुन्हा तेवढाच पुढे आलेला.

डॉक्टरांनी डाव्या पायाचा एक्स-रे काढला. कुठे तडा नाही, सूज नाही. ते म्हणाले, "हाड जन्मापासूनच असं असेल. तुमच्या आत्ता लक्षात आलं." वहिनी तिथेच त्यांच्याशी भांडली. तिचा नवरा, तिला माहीत नसणार का त्याचे पाय कसे होते? डॉक्टरांनी शांतपणे गोळ्या लिहून दिल्या.

शेवटी पैलवानाने पट्टी भट्टीत घातली. लालभडक केली आणि घणाने ठेचून तिचा गोळा केला. आबांचं हत्यार होतं ते. पैलवान घण मारत होता आणि रडत होता. मला मात्र हायसं वाटलं. सुटलो एकदाचे, म्हटलं.

त्या दुपारी घरात आम्ही सगळे जागे बसलो होतो. दादासुद्धा. तो गादीवर, वहिनी त्याच्या उशाशी, मी आणि पैलवान दारात. गोळा पैलवानाच्या पायाशी पडलेला.

बराच वेळ काही नाही...

मग शेडमधून...

किर्र... किर्र...

दादाने वहिनीचा हात धरला. चादर मांडीवर दबली. मग नडगीवर. दादा ओठ चावत होता. त्याला दुखत होतं. आमच्या डोळ्यांदेखत त्याला दुखत होतं आणि आम्ही तीन माणसं काही करू शकत नव्हतो.

मला राहवलं नाही. मी त्या रिकाम्या जागेकडे बघून किंचाळले, "आबा, सोडा त्याला! गाडी नाहीये ती! तुमचा मुलगा आहे!"

सगळं थांबलं. चादरही सैल झाली. मला वाटलं, ऐकलं. पहिल्यांदाच माझं ऐकलं.

मग अगदी माझ्या कानाशी...

च्च.

जिवंतपणी आबांनी काम करताना कुणाचं ऐकलं नव्हतं. त्यांना राग नव्हता आमचा. हेच मला सहन होत नाही. राग असता तर हातापाया पडलो असतो, माफी मागितली असती. ते तर मुलाचं काम नीट करून देत होते.

आम्ही घर सोडून वहिनीच्या माहेरी राहून आलो. तिथेही दुपार व्हायची. पैलवानाने स्वतःची चूक म्हणून स्वतःचा पाय पुढे केला, "आबा, माझा घ्या," म्हणून शेडमध्ये रडला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दादा दिवसेंदिवस गप्प होत गेला. पाय रोज थोडा वाकायचा. एवढासा. पहिला दिवस आणि दुसरा दिवस यांत फरक दिसायचा नाही, पण महिन्यापूर्वीची पँट त्या पायावर वेगळी पडायची.

थंडी संपता संपता एका दुपारी आवाज आला...

टक्.

एवढाच. च्च नाही. त्यानंतर सगळं बंद झालं.

दादा उठला. काठी न घेता अंगणात गेला आणि चालून बघितलं.

तो लंगडत नव्हता. दोन्ही पाय बाहेर वाकलेले, सारखे, आणि पावलं एकसारखी पडत होती. शेजारचे म्हणाले, "बरा झाला की हो तुमचा दादा!" वहिनी घरात पळाली आणि उशीत तोंड खुपसून रडली. दादाला तेवढं चालूनही धाप लागायची. आता तर संध्याकाळपर्यंत त्याचे गुडघे इतके सुजतात की रंधा हातात धरून उभं राहता येत नाही. बाकावर बसून काम करतो. जमेल तेवढं.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायलाही बसले नसते.

आम्ही दुसऱ्या, मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, होईल. हाड कापून, आत सळई घालून पाय सरळ करता येतात. नाहीतर काही वर्षांत गुडघे पूर्ण जातील आणि हा माणूस अंथरुणाला खिळेल.

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन्ही पाय?"

"दोन्ही. पण एकदम नाही. आधी एक. तो भरून आला की मग दुसरा."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे.

"एकदम नाही का होणार, डॉक्टर?" त्याने विचारलं.

डॉक्टर हसले. "मग उभे कशावर राहाल?"

वहिनीने तिथेच तारीख घेतली. मी तिला बोल लावत नाही. नवरा अंथरुणाला खिळलेला बघण्यापेक्षा तिने काय करायला हवं होतं? दादा तर आता हो नाही काहीच म्हणत नाही. नेलं तिकडे जातो.

मी त्याला धीर देते. म्हणते, सळई घातलेला पाय कुणाला वाकवता येणार नाही, मग आबा तोच धरतील आणि दुसरा सरळ करून देतील. बघ, एका ऑपरेशनमध्ये काम होईल. दादा हसतो. पण आम्हा दोघांनाही माहीत आहे. दोन्ही पाय आता थकलेले आहेत. एकात सळई असेल, दुसरा आधीच वाकवून झालेला. आबा त्यातला कुठला धरतील आणि कुठला हलवतील, हे आबाच ठरवणार. आणि सळई आत असताना पाय वाकवला तर काय होतं, हे मला डॉक्टरांना विचारवलं नाही.

पुढच्या आठवड्यात दादाला भरती करायचंय. वहिनीने दवाखान्याची पिशवीसुद्धा भरून ठेवलीय.

काल दुपारी मी दादाच्या पायाशी बसले होते. तो डोळे मिटून पडलेला. महिनोन्महिने शेडमधून काही ऐकू आलं नव्हतं. काल आलं...

किर्र... किर्र... किर्र... किर्र...

टक् नाही. च्च नाही. नुसता स्क्रू फिरत होता, खूप वेळ, मागे मागे, थेट शून्यापर्यंत. नवं माप घ्यायच्या आधी आणतात तसा.

दादाही जागाच होता. त्याने डोळे उघडले नाहीत, फक्त दोन्ही पाय पोटाशी घेतले.