पॅनलमधली ताईची खोली

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पटत नसेल तर राहू द्या. पटवून पटवून माझं तोंड दुखलंय!

मागच्या महिन्यात आम्ही एका जुन्या घरात राहायला आलो. चोरांसाठीचा अलार्म होता, पण त्याचं पॅनल बंद.

मेकॅनिककाका म्हणाले, "सेन्सर ठणठणीत आहेत. नुसतं पॅनल बदलू."

जुन्या मालकांनी प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली होती. पुढचं दार. मागचं दार. स्वयंपाकघर.

आणि चौथी... ताईची खोली.

आमच्याकडे ताई नाही. मी एकुलती एक.

"तुझीच खोली असेल गं," म्हणत काकांनी न तपासता तेच नाव पॅनलमध्ये भरलं.

त्याच आठवड्यात मला घराची किल्ली मिळाली. माझी स्वतःची! शाळा सुटल्यावर दोन तास मी एकटी राजा.

सोमवार. दुपारचे चार दहा. मी सोफ्यावर लोळत होते.

"ताईची खोली... उघडली," पॅनल बोललं.

माझ्या खोलीचं दार समोर होतं. बंद.

मिनिटभराने...

"ताईची खोली... बंद झाली."

मग रोज. चार दहालाच.

बाबांच्या मोबाइलवर सगळी नोंद जायची.

"कुणाला आणतेस घरी?"

"कुणालाही नाही! मी दाराला हातसुद्धा लावला नाही!"

"मग काय, भूत लावतं?"

किल्ली काढून घेतली. अस्सा संताप झाला माझा!

मीच काकांना फोन लावला. "न बघता नाव टाकलंत ना? आता येऊन बघा."

गुरुवारी ते आले. बाबाही सुट्टी घेऊन थांबले. वायर माझ्या खोलीकडे गेलीच नव्हती. ती जिन्याखाली संपत होती. तुटलेलं टोक. सेन्सर नाही. दार नाही.

नुसती भिंत.

काकांचा चेहरा उतरला. "वायर तुटली की पॅनलला ती जागा कायम उघडी दिसते. मग ही... बंद कशी होते?"

त्यांनी वायर उपटली. पॅनलमधून नाव पुसलं.

बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "चुकलं," ते पुटपुटले.

"मोठ्याने म्हणा!"

ते बोलणार, तोच...

"ताईची खोली... उघडली."

तिघंही जागच्या जागी. एक मिनिट गेलं. दहा गेली.

बंद झाल्याचं पॅनल बोललंच नाही.

आजपर्यंत नाही.

भांडून मिळवलेली किल्ली माझ्या मुठीत असते, आणि मी आई येईपर्यंत रोज फाटकाबाहेर उभी. इतकी चिडचिड होते म्हणून सांगू!

घर माझं आहे. आणि आत जायची हिंमत होत नाही.