नळाच्या पाण्याचा शून्य

"सहा वर्षं तुम्ही या शहराला न विचारता औषध पाजताय, आणि ते प्रयोगशाळेला दिसू नये अशी सोयही तुम्हीच करून ठेवलीत."

पालिकेला द्यायच्या तक्रारअर्जाचं हे पहिलं वाक्य लिहून रेवती खरमाटे थांबली.

शहराचं सांडपाणी शुद्ध होऊन पुन्हा नळाला यायचं. त्याला चक्रजल म्हणत. रेवती त्याची तपासनीस. आधी यंत्राला निर्मळ पाणी दाखवून ते शून्य धरायचं, मग नमुना मोजायचा, ही रीत. पण सहा वर्षांपूर्वी ते निर्मळ पाणी बनवणारं ऊर्ध्वपातनाचं यंत्र बिघडलं, दुरुस्तीची फाईल फिरत राहिली, आणि शून्यासाठी नळाचंच पाणी घ्यायची सवय पडली. आठ दिवसांपूर्वी नळ कोरडा होता. तिनं डब्यासोबतच्या बाटलीतलं, घरच्या विहिरीचं पाणी वापरलं. आकडा कागदाबाहेर गेला. तीनदा मोजलं, तीनदा तेच.

ती तडक प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, बोंद्रेसाहेबांकडे गेली.

"साहेब, आपली गाळणी जंतू अडवते, औषधाचे रेणू नाही. माणसं गोळ्या खातात, त्यातलं बरंचसं लघवीतून बाहेर पडतं, पुन्हा नळाला येतं. फेरीगणिक साठत जातं. आणि आपण नळाचं पाणी नळाच्याच पाण्याशी ताडतोय."

"कसल्या गोळ्या?"

"मन शांत करणाऱ्या."

बोंद्रेंनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, सावकाश रिकामा केला. "असू दे की, रेवतीबाई. कुणाची तक्रार आहे का?"

नव्हती. तिला एकदम आठवलं. गेल्या साली कचऱ्याचा डोंगर चाळीस घरांवर कोसळला, तेव्हा मेलेल्यांचे नातलग रांगेत उभे राहिले, सह्या केल्या आणि मुकाट घरी गेले. एकटी रेवती ओरडत होती. लोक म्हणाले, बाई फार तिखट. तिलाही वाटायचं, आपला स्वभावच तसा. स्वभाव कसला, विहीर होती ती.

त्या संध्याकाळी घरी आली तर आई खुशीत. सकाळी पालिकेची माणसं येऊन विहीर बुजवून गेली होती, दारात नवा नळ होता. दुकानातलं बाटलीबंद पाणीही चक्रजलच. रेवतीनं हिशेब मांडला: हे औषध अंगात भिनायला पंधरा दिवस.

आठ दिवस झालेत. आज पहिलं वाक्य वाचताना ते तिला जरा जास्तच कडक वाटलं. तिनं पेन टेकवलं, खोडायला. मग दचकून ते उचललं आणि खाली घाईघाईनं लिहिलं:

"सात दिवसांत उत्तर द्या. आठव्या दिवशी मी विचारणार नाही."