ग्रिपखालचं अक्षर

तो चुकून माझ्या टेबलाशी आला. बालाघाटच्या कोर्टात नोटरी बसतात ते पलीकडच्या शेडमध्ये. मी वीरेंद्र सरांची ज्युनियर, वकिलीचं दुसरंच वर्ष. सर सुनावणीला गेले होते आणि मी डिसेंबरचं ऊन खात बाहेर बसले होते.

"आधार-पॅनच्या झेरॉक्सवर सही-शिक्का पायजे होता, मॅडम."

"कशासाठी?" नोटरी असं विचारत नाहीत. पण मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

तो जरा लाजला. "लिलावात नाव टाकाचं हाय. मुंबईचं ऑक्शन हाऊस हाय एक... खेळाडूंच्या जुन्या वस्तू विकते. बॅट, जर्सी, मेडल."

"आन् तुम्ही काय घेऊन राह्यले?"

"हॉकी स्टिक."

मी मान वर करून नीट पाहिलं. निळा स्वेटर, बसच्या वाऱ्यानं विस्कटलेले केस, आणि डोळे असे की काहीतरी सांगायचं आहे पण कुणी विचारलं तरच. फॉर्मवर नाव होतं अश्विन गजभिये. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत सर्व्हेअर. फाईलमध्ये लिलावाच्या अटींची बावीस पानं होती, अगदी कोरी करकरीत.

"हे वाचलं?"

"कोन वाचते, मॅडम..."

"मी वाचते."

नवव्या पानावर मी थांबले. "तुमी कितीपर्यंत बोली लावनार?"

"सत्तर हजार. तेवढेच जमवले."

"आन् सत्तरवर हातोडा पडला, तं सत्तरच द्याचे, असं वाटते तुमाले?"

"मंग?"

"हातोड्याच्या किमतीवर वीस टक्के त्यांचं कमिशन. हे घेणाऱ्याकडून, विकणाऱ्याकडून घेतात ते वेगळं. त्या कमिशनवर अठरा टक्के जीएसटी. पॅकिंग, विमा, भाडं मिळून तीन हजार धरा. तुमची सत्तरची बोली नव्वद हजारांच्या घरात जाते."

मी कागद पालथा घालून आकडेमोड केली. "चोपन्न हजारांची बोली, म्हणजे सगळं धरून सत्तरात बसेल. त्याच्या वर एक रुपया नाही."

तो आकड्याकडे पाहत नव्हता. माझ्याकडे पाहत होता. मी उगाचच पेनचं टोपण शोधू लागले...

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला, बिरशाच्या बाजारातली बोरं घेऊन. काम फोनवरही झालं असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"एक विचारू?" मी म्हणाले. "ही काठी काहून पायजे?"

"पुनाराम टेकामची हाय ते... नाव ऐकलं?"

ऐकलं होतं. बिरशाकडचा पोरगा, देशाच्या संघातून खेळलेला. काही वर्षांपूर्वी वारला.

"माहे बाबा त्याच्यासंगं खाणीच्या टीममंदी खेळत. देशाच्या टीमच्या शिबिराले जायच्या आधी पुनारामची स्टिक तुटली. बाबानं आपली देल्ली. ग्रिपच्या खाली बाबानं तापल्या खिळ्यानं 'चै' काढलं होतं. चैतरामचं 'चै'. बाबा सगळ्याइले सांगत, पुनाराम देशासाठी माह्या काठीनं खेळला."

"आणि?"

"कोनी मानत नव्हतं. मी बारावीत होतो. घरी पाहुने आले होते. बाबानं गोष्ट सुरू केली आन् मी हासलो. म्हटलं, बाबा, सबूत कुठं हाय? मंग सगळेच हासले." त्यानं हातातलं बोर न खाताच परत पिशवीत ठेवलं. "बारा वर्सं झाली. त्याच्यानंतर बाबानं ते नाव काढलं नाही."

मला वाटलं, काठी मिळो न मिळो, ते अक्षर खरंच आहे का हे कळायला हवं. त्याच्यासाठी, आणि खरं सांगते, माझ्यासाठीही. नियमाप्रमाणे बोलीदाराला वस्तूची आणखी माहिती मागता येते, म्हणून मी त्याच दुपारी ऑक्शन हाऊसला मेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं. ग्रिप मूळची आहे, काढली तर वस्तूची किंमत घटेल. सबब काढता येणार नाही.

"म्हंजे घेतल्याबगर समजत नाही," अश्विन फोनवर म्हणाला.

मग रोज संध्याकाळी त्याचा फोन येऊ लागला.

"मॅडम, ते चौदाव्या पानावरचं पुन्हा सांगा ना."

"परवाच तं सांगतलं."

"हौ, पन..."

"आवाज आला नव्हता का?"

"चांगला आला होता," तो म्हणाला. "म्हनूनच."

मी चौदावं पान पुन्हा वाचून दाखवलं. सावकाश.

लिलाव जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी होता. सरांच्या ऑफिसात एकच लॅपटॉप, त्यापुढे दोन खुर्च्या, बाहेर अवकाळी भुरभुर. बोली चाळीस हजारांवर सुरू झाली. अश्विननं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला होता, म्हणून बटण मी दाबत होते. बेचाळीस... सेहेचाळीस... पन्नास. समोरचा कोण होता कोण जाणे, मागे हटत नव्हता. आम्ही चोपन्न टाकले. पडदा क्षणभर शांत राहिला.

छप्पन.

मलाही कळलं नाही मी काय बोलतेय. "अठ्ठावन्न टाकते. वरचे मी देते."

त्यानं माझं मनगट धरलं. अगदी हलकेच. "नको, अंजू."

पहिल्यांदाच 'मॅडम' नव्हतं. पडद्यावर 'विकली' असं आलं आणि तरी मनगट काही क्षण त्याच्या हातातच राहिलं.

"तुमी चोपन्न म्हटलं होतं," तो उठत म्हणाला. "तुमचं आयकाचंच ठरवलं होतं मी." आणि चार वाजताच्या बसनं तो निघून गेला. त्यानंतर संध्याकाळचे फोन थांबले. विचारायला आता नियमच उरले नव्हते.

मी मात्र स्वस्थ बसले नाही. ऑक्शन हाऊस घेणाऱ्याचं नाव सांगत नाही. पण त्याच्यापर्यंत पत्र पोचवू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी सगळी गोष्ट लिहून त्यांच्यामार्फत पाठवली. काठी मागितली नाही. कधी ग्रिप बदललीच, तर खाली एकदा पाहाल का, एवढंच विचारलं. अश्विनला सांगितलं नाही. त्याला पुन्हा आशा लावायची आणि ती मोडायची, हे मला झेपलं नसतं.

तीन आठवड्यांनी जबलपूरहून पाकीट आलं. काठी घेणारे ते हेच, शालिकराम नावाचे निवृत्त गृहस्थ, कधीकाळी गोलकीपर. त्यांनी हिंदीत लिहिलं होतं की बोली छप्पनची लावली आणि बिल सत्तरच्या वर आलं, त्यावरून घरात अजून बोलणी खातोय. पण तुमचं पत्र वाचलं आणि राहवलं नाही. ग्रिप हलक्या हातानं सोडली. सोबत फोटो होता. तो पाहिला, आणि मी सुट्टीचा अर्ज लिहिला.

येतेय एवढंच फोनवर कळवलं होतं; बैहरवरून बस मलाजखंडला पोचली तेव्हा अश्विन स्टँडवर उभा होता. फोटो हातात घेऊन त्यानं तो उजेडाकडे धरला आणि अक्षरावरून अंगठा फिरवला.

"बाबांना मी दाखवू?" मी विचारलं.

"मी हासलो होतो. मीच दाखवतो." मग हळू आवाजात, "पन तू संगं राहा."

चैतरामबाबा क्वार्टरच्या अंगणात वाफ्याला पाणी देत होते. अश्विननं फोटो पुढे केला. बाबांनी तो जवळ धरला, लांब धरला, चष्मा पुसला. त्यांचं बोट लाकडातल्या काळपट अक्षरावर थांबलं. चै. मग ते बोट पुढं सरकलं. शेजारी आणखी एक अक्षर होतं, जरा वाकडं.

"हे 'पु' म्या नाही काढलं," ते म्हणाले. "हे त्यानं काढलं. म्हंजे ग्रिप सोडून पाह्यलं त्यानं... आन् माहं नाव तसंच राहू देल्लं."

पाइपातून पाणी वाहत राहिलं. अश्विन त्यांच्यापाशी खाली बसला. "बाबा, माह्यं चुकलं. मले ते गोष्ट सांगा ना पुन्हा. पह्यल्यापासून."

बाबांनी सांगितली. कुठल्या मैदानावर स्टिक तुटली, पुनाराम कसा रडवेला झाला, देताना स्वतःच्या हातून काठी कशी सुटेना, सगळं. वाफा तुडुंब भरला तेव्हा कुठं त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"आन् ही पोरगी कोन?"

अश्विन उठून उभा राहिला. कान लाल झाले होते त्याचे. "हे अंजू. वकील हाय. हिच्यामुळंच हे सापडलं. बाबा... मले हिच्यासंगं लगन कराचं हाय. पन हिले अजून विचारलं नाही."

"मंग मले काहून सांगून राह्यला?" बाबा म्हणाले. "तिले विचार."

तो माझ्याकडे वळला. आधी विस्कटलेले केस नीट करू लागला. तो विचारेपर्यंत थांबणं माझ्या स्वभावातच नव्हतं.

"हौ," मी म्हणाले.