सत्ताविसावा फॉर्म

“ताई, माझ्या प्रकल्पात काय लिहिलंय, तेच मला ठाऊक नाही गं!... सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि दातखीळच बसली!”

पायातले बूटही न काढता नन्या दारातच मटकन बसला, आणि ताईच्या शिलाई मशीनचं चाक थांबलं. आई गेली त्या वर्षी कॉलेज अर्ध्यावर सोडून ती या मशीनवर बसली होती. लोकांचे कपडे उसवून-शिवून या धाकट्या भावाला तिनं विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षापर्यंत आणलं होतं. नुसतं आणलं नव्हतं... त्याचे निबंध, त्याची टिपणं, आणि आता हा मानसशास्त्राचा प्रकल्पसुद्धा, दुपारचं ताट बाजूला सारून तिनंच लिहून दिला होता! विषय तरी काय, तर ‘घरचा आधार आणि विद्यार्थ्याचा स्वतःवरचा विश्वास’!

“मॅडमनी आठ दिवस दिलेत. पुन्हा उभं राहायचं, नाहीतर वर्ष गेलं. मी नाही जाणार. सोडतो कॉलेज.”

“वेडा आहेस का? दे इकडे! मी सोपं करून लिहिते, तू नुसतं पाठ कर...” ताईचा हात सवयीनं पुढे झाला.

नन्यानं प्रकल्पाची वही छातीशी घट्ट धरली. त्याचे डोळे भरून आले होते.

“प्रकल्पासाठी साठ विद्यार्थ्यांनी भरलेले फॉर्म तूच वाचलेस ना, ताई? सत्ताविसावा आठवतो?”

न आठवायला काय झालं! बिननावाचा, नुसत्या खुणा केलेला तो फॉर्म... ‘माझ्या पाठीशी कुणीतरी उभं असतं’ यापुढे ‘नेहमी’, आणि ‘अडचणीतून मी स्वतः मार्ग काढू शकतो’ यापुढे ‘कधीच नाही’. साठांत सगळ्यांत कमी गुण. कुणाच्या पोटचा गोळा असेल बिचारा, घरच्यांचे डोळे फुटलेत की काय, असं म्हणत ताईनं तेव्हा चष्मा पुसला होता.

“तो माझा होता.”

खिडकीशी घड्याळं दुरुस्त करत बसलेल्या अण्णांचा चिमटा हातातल्या हातात थांबला. पोरांच्या बापानं मान वर केली नाही.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ताईला झालं! माझ्या भावाला मी काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही, असं ती किती टेचात सांगत आली होती... त्याच्या बुटाची नाडी, त्याचे अर्ज, त्याची भांडणं, सगळं ‘दे इकडे’ म्हणून तिनं त्याच्या हातातून काढूनच घेतलं होतं! आणि त्याहूनही लाजिरवाणं, जे तिनं स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं, ते म्हणजे त्याचं लिहिताना तिला सुख होत असे.

“मी तुझ्यासाठी लिहीत नव्हते रे, नन्या...” ती म्हणाली. “तुझ्या नावावर मीच शिकत होते. मला माफ कर!”

“मी तरी कुठं नको म्हणालो?” नन्या हुंदका देत म्हणाला. “वर्गातली पोरं अडलं की एकमेकांना विचारतात. मी कुणाला विचारलंच नाही. घरी ताई होती ना!”

“मग आता विचार की,” अण्णा खाकरून म्हणाले. “बोलाव त्यांना इथंच. हिच्या तोंडाला कुलूप घालायचं काम माझं.”

वर्गातली तिघं आली, जमिनीवर फॉर्म पसरून तावातावानं भांडू लागली. टक्केवारी चुकली की मशीनवरच्या ताईला चूक लगेच कळायची, ओठांवर यायची... पण तिनं ब्र काढला नाही. आठव्या दिवशी नन्या गेला, आणि दुपारी खालमानेनं परतला.

“काठावर पास झालो. आधीचं मी लिहिलेलं नव्हतं, हे मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी गुण कापले. पण आहेत ते माझे आहेत, ताई.”

ताईनं त्याला पोटाशी धरलं.

“आणि हा तुझा,” खिशातून एक कागद काढत तो म्हणाला. “राहिलेलं शिक्षण पुरं करायचा अर्ज. मी भरून देणार नाही हं! तुझा तू भर.”

अण्णांनी पेन पुढे केलं. ताईनं पहिल्या रकान्यात अर्जदाराचं नाव लिहिलं, आणि तिघंही त्या कागदाकडे बघतच राहिले... तिनं नन्याचं नाव लिहिलं होतं!

शरमेनं तिची कानशिलं तापली. नन्याचा हात चटकन पुढे आला, आणि तसाच मागे गेला.

ताईनं ते नाव खोडलं, आणि खाली उरलेल्या चिंचोळ्या जागेत, कितीतरी वर्षांनी स्वतःचं नाव लिहिलं.