पाणी ऐकणारा माणूस

माघातलं धुकं मुळा नदीच्या पाण्यावर अजून लोळत पडलं होतं. विश्रांतवाडीच्या पलीकडे, कळसच्या वळणाशी स्पृहा काठावर उतरली आणि जागच्या जागी थबकली. उंबराखाली एक माणूस पालथा पडला होता… एक हात पाण्यात!

"अहो! अहो, ऐकताय का?"

तो हलला नाही.  चिखल तुडवत स्पृहा धावली, त्याच्या खांद्याला हात लावला, तसा तो वळला. कानांवर हेडफोन, ओठांवर बोट.

"शू… ऐकतोच आहे," तो कुजबुजला. "पण तुम्हाला नाही."

"मला वाटलं, गेलात तुम्ही!"

"इतक्यात कुठं? अजून आपली ओळखही झाली नाही."

"पुण्यात नदीकाठी असं पालथं पडायची पद्धत नाही."

"आणि बाहेरगावच्या माणसाचा खांदा धरून ठेवायची आहे?"

स्पृहानं चटकन हात काढला. कानांच्या पाळ्या उगाच तापल्या. त्यानं हेडफोन उतरवून अलगद तिच्या कानांवर ठेवला. पाण्यात सोडलेल्या वायरीच्या टोकाला माइक होता. त्यातून आवाज येत होता… टक्… टक्‌टक्… कुणीतरी हलक्या हातानं दार वाजवावं तसा.

"मासे असावेत," तो म्हणाला.

"या पाण्यात?" स्पृहा हसली. पण हेडफोन मात्र तिनं लगेच काढला नाही.

त्याचं नाव सलिल. मूळचा वर्ध्याचा. हिंजवडीच्या एका कंपनीत, बाहेरचा गोंगाट कानात शिरू न देणारे हेडफोन बनवायचा. "आठवडाभर आवाज पुसतो," तो म्हणे, "रविवारी वेचतो." स्पृहा सदाशिव पेठेतली, एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची. दोघांनाही इथं आणलं होतं हेमाताईंनी. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नदी वाचवणारा एक गट उभा केला होता आणि जाणकार माणसं हेरून त्यांना हक्कानं कामाला लावलं होतं.

मग रविवार त्या वळणाभोवती घुटमळू लागले. स्पृहा लांब काठीला बाटली बांधून प्रवाहाच्या मधोमध बुडवायची, सलिल उंबराच्या मुळांशी वायर सोडून बसायचा. थर्मासातला चहा एकाच झाकणातून प्यायला जायचा. धुक्यातून एखादा बगळा उठला की दोघं एकदमच मान वर करायची… आणि बगळा दिसेनासा झाला तरी नजर खाली आणायला उशीरच करायची.

अशात बातमी आली, महापालिका काठ सिमेंटनं बांधून काढणार. निदान एक जागा तरी जशी आहे तशी सोडा, अशी सूचना गटाला करता येणार होती. पण कुठली जागा? हेमाताईंच्या गच्चीवर सगळे जमले. सलिलनं कळसच्या वळणाचा आवाज ऐकवला. टक्… टक्‌टक्… माणसं खुलली.

"स्पृहा, तुझं पाणी काय म्हणतंय?" हेमाताईंनी विचारलं.

सलिलनं तिच्याकडे पाहिलं. इतक्या विश्वासानं! नुसतं 'असू शकतील मासे' म्हटलं असतं तरी भागलं असतं…

"मासा जगेल इतका प्राणवायू त्या पाण्यात नाही," ती म्हणाली. "तो आवाज गाळातल्या बुडबुड्यांचाही असेल."

 सलिल शांतपणे वायर गुंडाळून निघून गेला.

जिन्यात हेमाताई हळूच म्हणाल्या, "बंगळूरला बदली होतेय त्याची. जाण्याआधी तेवढं वळण वाचवायचं होतं पोराला."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पृहानं कामावर रजा टाकली आणि थेट नदी गाठली. तो होताच.

"रागावलात?"

"स्वतःवरच वैतागलो. बुडबुडा कुठला नि मासा कुठला, हे मला सांगता येऊ नये?" मग जरा थांबून त्यानं विचारलं, "तुम्ही पाणी नेहमी मधलंच घेता ना?"

"हो. काठाजवळचं घेतच नाही."

"आणि मी ऐकतो इथं… मुळांपाशी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. स्पृहानं बूट काढले, सलवार वर दुमडली आणि मुळांशी पाय टाकला. पाणी इतकं गारेगार, की तिनं पटकन त्याची बाही धरली. दगडांच्या फटीतून एक बारीक, नितळ धार खळखळत नदीत उतरत होती. झरा! तिनं प्राणवायू मोजायचं यंत्र बुडवलं. आकडा रेंगाळला, मग चढू लागला… चढतच गेला. तेवढ्यात घोट्याला काहीतरी गुदगुल्या करून गेलं.

"सलिल! मासा… अहो, खराखुरा मासा!"

तिथूनच तिनं हेमाताईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "मग ठरलं. हेच वळण. आता नीट लिहून काढ."

"काल मी चुकले," फोन ठेवून स्पृहा म्हणाली.

"नाही. मधलं पाणी कसं आहे ते खरं सांगितलंत. मी मुद्दाम तसा तुमच्याकडे बघत होतो, तरीही."

"लाच देत होतात?"

"डोळ्यांनी."

"कळली होती." तिचा आवाज खाली आला. "घ्यावीशी वाटली होती."

ऊन धुक्यातून झिरपत होतं. बाही अजून तिच्याच मुठीत होती.

"बंगळूरला… कधी?"

"जायचं की नाही, ते आज कंपनीला कळवायचंय."

पुन्हापुन्हा तपासल्याशिवाय एक शब्द न बोलणारी स्पृहा. आता बोलायचं होतं ते कुठल्या यंत्रात मोजणार? 

"घरी पोहे खायला येता?"

सलिल बघतच राहिला. "पुण्यात कुणी असं आपणहून बोलावतं?"

"नाही बोलावत," पाण्याकडे बघत ती म्हणाली. "म्हणून नीट समजून घ्या."

त्यानं समजून घेतलं. खिशातून फोन काढला आणि एकच शब्द लिहून पाठवून दिला.

"काय लिहिलंत?"

"नाही."

स्पृहा कितीतरी वेळ नुसती हसत राहिली. मग तिनंही फोन कानाला लावला. "आई, पोहे थोडे जास्त भिजव… हो गं, एकच माणूस आहे… अगं, आजच्यापुरता नाही म्हणत मी."