दारानं केलेली चुगली

खट्ट! मांजराचं दार पुन्हा उघडलं आणि आत कुणीच आलं नाही. ज्या ढब्बीच्या पट्ट्यातला सेन्सर ओळखूनच ती इवली झडप उघडायची, ती ढब्बी पट्ट्यासकट माझ्या मांडीवर घोरत होती.

"आठ दिवसांत आठव्यांदा!" आई कडाडली. "उद्या चोर हात घालेल. फळी ठोक त्यावर आणि मांजर पाठव मावशीकडे. तिच्यासाठी दिवसभर उठबस माझ्या गुडघ्यांना झेपत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढब्बी मावशीकडे? कुणाच्या हलगर्जीपणामुळे? "या पट्ट्याशिवाय दार देवालाही उघडणार नाही," असं ही झडप बसवताना त्या दारवाल्यानं हसत सांगितलं होतं. आणि मी वेडी ते हसू बघत बसले होते. याचाच जास्त राग आला.

तिथल्या तिथे त्याला फोन लावला. फोन वाजला... दाराबाहेर!

दार उघडलं, तर पावसात निथळत तोच उभा.

"तुमचं दार भुतांना आत घेतंय!"

झडप पुन्हा खट्ट वाजली. त्यानं हळूच खिशातून एक पट्टा काढला.

"नमुन्याचा पट्टा. चाचणी यानंच घेतो. दारात साठवलेला याचा नंबर जाताना पुसायचा असतो, पण... तुम्ही चहा आणलात. हसलात. राहून गेलं."

"म्हणजे दोष माझ्या हसण्याचा?" मी फणकारले. मग एकदम लक्षात आलं. "थांबा. पट्टा हातभर अंतरावर आल्याशिवाय झडप उघडत नाही, तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"...हो."

दाराच्या नोंदी दाखवणारा फोन मी त्याच्या नाकासमोर धरला. रोज सहा वाजून दहा मिनिटं. "रोज इथवर येऊन करता काय?"

"घंटेपर्यंत हात नेतो... आणि परत जातो. एकच वाक्य बोलायचं असतं, पण धीर होत नाही."

"आठ दिवस!" माझा आवाज चढला. "मी इथे तुम्हाला बोलवायला निमित्त शोधतेय, आणि तुम्ही दारातून पळताय? काही वाटतं का?"

तो बघतच राहिला. "तुम्ही... निमित्त शोधत होतात?"

"विषय बदलू नका. नंबर पुसा आधी!"

त्यानं गुडघ्यावर बसून नंबर पुसला. पट्टा झडपेजवळ नेला. ती हलली नाही.

"आता हे फक्त ढब्बीचं," तो म्हणाला. "मग मी —"

"माणसांसाठी घंटा असते. उद्या सहा-दहाला वाजली नाही, तर फळी मी स्वतः ठोकीन."

दुसऱ्या दिवशी घंटा सहालाच वाजली. मी केस सावरेपर्यंत, जिचे गुडघे मांजरासाठी उठत नव्हते ती आई दारात पोचलीसुद्धा! आणि त्या भित्र्यानं आठ दिवस घोकलेलं वाक्य डोळे मिटून एका दमात म्हणून टाकलं —

"तुम्ही मला फार आवडता!"

"मला काय सांगतोस, बाबा?" आई म्हणाली. "तिला सांग."

"एवढंही धड जमत नाही!" मी संतापून ओरडले, आणि हाताला धरून त्याला आत ओढलं.